११८ अंशांवर उतरवलेली दोन आदणं

बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याच्या बाजूला, दूधगंगेच्या काठावरचं एक गुऱ्हाळघर. जानेवारीचे दिवस, हवा कोरडी. एकाच दिवशी एकाच काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, दोन आदणं, म्हणजे गुळाचे दोन घाणे, निघाली. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, तोच, चुलवाण तेच, ऊस एकाच मळ्यातला आणि एकाच जातीचा, ८६०३२. दोन्ही वेळा थर्मामीटरवर ११८ अंश सेल्सिअस दिसल्यावर काहील उतरवली. सकाळच्या आदणाच्या ढेपी दुपारपर्यंत घट्ट बसल्या, साच्यातून काढताना एक कड तुटली नाही. दुपारच्या आदणाच्या ढेपी मात्र दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी मऊ. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि हळूहळू आपोआप भरून यायचा.

गुऱ्हाळ माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि दोन्ही आदणं उतरताना तिथंच होतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे. पदार्थाच्या तीन अवस्था शिकवताना आपण पोरांना बर्फ, पाणी आणि वाफ दाखवतो. चिकोडी, निपाणी, रायबाग, गोकाक या पट्ट्यातल्या पोरांच्या घरामागं त्याहून किती तरी मोठी प्रयोगशाळा पेटलेली असते. तिच्याकडं नीट बघायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

उसात फरक होता तो फक्त तोडीचा. सकाळचा ऊस आदल्या संध्याकाळी तोडलेला. दुपारचा ऊस पाच दिवस बांधावर पडून होता. टोळी मधेच दुसरीकडं गेली आणि तोडलेला ढीग पाचटाखाली तसाच राहिला.

दुपारी काहील चढली तेव्हाच थोडी कुरबुर झाली. थर्मामीटर चुलतभावाच्या हातात होता. ११८ हा आकडा त्यानं गुळाच्या माहितीपुस्तिकेतून घेतलेला, आणि सकाळी तो बरोबर ठरला होता.

“मामा, एकशे अठरा झालं की ओ. उतरवूया.”

गुळव्या मामांनी फावड्यावरचा पाक गार पाण्याच्या डब्यात सोडला, बोटांनी गोळी वळली आणि मान हलवली. “अजून न्हाई. लोण्यागत हाय बघ गोळी.” मग जाळ सारणाऱ्या पोराकडं वळून, तो रायबागकडचा असल्यामुळं, कन्नडात “इन्नू हद बंदिल्ल”, अजून पाक तयार नाही, म्हणून जाळ तसाच ठेवायला सांगितलं.

“सकाळी हितंच उतरवलाय की!”

मामांनी दोन वेळा सांगून बघितलं, मग गप्प राहिले. काहील उतरली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा पहिला संशय थर्मामीटरवर. तो लगेच तपासता आला. साधं पाणी उकळून त्यात धरला, काटा ९८ च्या आसपास थांबला. ही चूक नव्हे. सदलगा-निपाणीची जमीन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच, वर हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. बेळगाव शहरात, साडेसातशे मीटरवर, ते आणखी अर्धा अंश आधी उकळेल. म्हणजे थर्मामीटर खरं सांगत होता. उलट समुद्रसपाटीच्या हिशेबानं लिहिलेले ११८ आपल्या इथं दीड-दोन अंश जास्तच पडतात, म्हणजे पाक पुस्तकापेक्षा जरा अधिक आटतो. तरीही दुपारचा गूळ बसला नाही.

काहिलीत काय चाललेलं असतं

उसाच्या रसात शंभरातले ऐंशी-बयाऐंशी भाग पाणी. गूळ करायचा म्हणजे मुख्यतः हे पाणी घालवायचं. हजार किलो रसाची काहील धरली तर ढोबळमानानं पावणेदोनशे ते एकशेऐंशी किलो गूळ उतरतो. मळीबरोबर, म्हणजे उकळताना वर येणाऱ्या मळाबरोबर, थोडं जातं ते सोडलं तर आठशे किलोच्या आसपास पाणी छपरातून निघून गेलेलं असतं.

पाण्याचा रेणू अगदी लहान, एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन अणूंचा. द्रवात हे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध क्षणोक्षणी तुटतात आणि दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतात, म्हणून पाणी वाहतं पण विखरून जात नाही. सगळे रेणू एकाच वेगानं हलत नाहीत. काही मंद, बरेचसे मधले, थोडे फार वेगवान. पृष्ठभागावरच्या एखाद्याला शेजाऱ्यांची पकड तोडण्याइतकी ऊर्जा मिळाली की तो हवेत सुटतो. तापमान वाढेल तसे असे सुटणारे वाढतात. त्यांचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रवाच्या आतही वाफेचे बुडबुडे टिकू लागतात. रस खदखदायला लागतो तो इथून.

एक किलो पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३०० किलोज्यूल लागतात. तेच एक किलो पाणी उकळीला आल्यावर पूर्ण वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. ही उष्णता रेणूंचा वेग वाढवत नाही, ती त्यांची आपसातली पकड सोडवण्यात खर्च होते, म्हणून काटा हलत नाही. ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला हीच गोष्ट ओळखली आणि तिला गुप्त उष्णता म्हटलं. चुलवाणात ढिगानं चिपाडं सारतोय आणि रस दीड-दोन तास जवळपास त्याच अंशावर बसून आहे, हे गुऱ्हाळावर रोज दिसतं. जाळ वाया जात नसतो. बहुतेक चिपाड याच कामाला लागतं.

वाफ झालेल्या पाण्याचा रेणू तोच राहतो, त्यात तिळमात्र बदल होत नाही. बदलतं ते अंतर. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १७०० लिटर जागा घेते. आठशे लिटरांची झाली साडेतेरा लाख लिटर. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि साडेतेरा मीटर उंच अशी खोली एका आदणाच्या वाफेनं भरेल. काहिलीवर जो पांढरा लोट दिसतो ती खरी वाफ नव्हेच. खरी वाफ दिसत नाही. पाकाच्या अगदी वर, वितभर अंतरात, हवा स्वच्छ दिसते ना, तिथं ती असते. वर जाऊन गार हवा लागली की रेणू पुन्हा एकमेकांना धरतात, बारीक थेंब होतात, आणि तो लोट आपल्याला दिसतो.

साखरेचा रेणू मात्र कुठंही जात नाही. सुक्रोजच्या एका रेणूत ४५ अणू, पाण्याच्या रेणूच्या एकोणीस पट वजन, आणि आठ ठिकाणांहून शेजाऱ्यांना धरायची सोय. वाफ होण्याइतकी ऊर्जा त्याला द्यायला जावं तर त्याआधी तो रेणूच मोडतो. कोरडी साखर साधारण १८६ अंशांवर वितळते आणि वितळता वितळताच करपायला लागते. काहील तिथवर कधी जात नाही. म्हणजे ११८ अंशांवरच्या पाकात साखर वितळलेली नसते, उरलेल्या थोड्या पाण्यात ती विरघळलेली असते. पाणी गोठून बर्फ होतं तसा गूळ नुसता गार पडल्यामुळं घट्ट होत नाही. त्याला धरून ठेवणारं पाणी निघून गेलेलं असतं, म्हणून तो घट्ट होतो. हे ध्यानात आल्याशिवाय दुपारच्या आदणाचं कोडं सुटत नाही.

काटा नेमकं काय मोजतो

पाणी उडत जातं तसा पाकात साखरेचा वाटा वाढतो. पृष्ठभागावर पाण्याचे रेणू कमी, साखरेचे जास्त, त्यामुळं सुटणारे रेणूही कमी. हवेच्या दाबाची बरोबरी करायची तर तापमान आणखी चढवावं लागतं. निम्मी साखर निम्मं पाणी असलेलं द्रावण समुद्रसपाटीला १०२ अंशांच्या आसपास उकळतं, पाऊण भाग साखर असेल तर १०८ च्या आसपास. ११८ ला शंभरात बारा-तेरा भागच पाणी उरलेलं असतं. त्यातलंही काही पुढं वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या उथळ हौदात, घोटताना उडतं, आणि चांगल्या ढेपीत पाच टक्क्यांच्या जवळपास ओलावा राहतो. पाणी इतकं थोडं राहिल्यावर आणखी जरासं उडालं तरी साखरेचा वाटा झपाट्यानं वाढतो, म्हणून शेवटचे दहा अंश काटा काही मिनिटांत चढतो. त्या वेळी फेसाचे मोठे फुगे जाऊन जड, संथ, फुटताना ‘फट्’ आवाज करणारे बुडबुडे येतात. गुळव्या तेव्हा काहिलीवरून नजर काढत नाही.

चुलतभावाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर होतं. तापमान कळलं की पाणी किती उरलं ते कळतं. पण उकळबिंदू किती चढणार हे विरघळलेल्या रेणूंच्या आकारावर किंवा वजनावर ठरत नाही, मुख्यतः त्यांच्या संख्येवर ठरतं. पाण्याच्या अमुक रेणूंमागं परके रेणू किती, एवढंच काटा सांगतो. ते परके रेणू कोणते, हे तो सांगत नाही.

पाच दिवसांत उसात काय झालं

तोडलेल्या उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ऊस उभा असताना त्याचं काम ताब्यात असतं. तोडल्यावर, त्यातून ऊस उन्हात पडला की, ते सुक्रोजच्या रेणूत पाण्याचा एक रेणू घालून त्याचे दोन तुकडे करायला लागतं, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. शिवाय कापलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात. ते आम्ल तयार करतात आणि डेक्स्ट्रान नावाच्या लांब साखळ्या बनवतात, त्यामुळं रस बुळबुळीत होतो. ताजा रस मुळातच किंचित आंबट असतो, सामू (pH) पाचाच्या थोडा वर. शिळा रस आणखी आंबट. आंबट रस तापवला की सुक्रोज तुटायचा वेग काहिलीतच वाढतो. रसात चुन्याची निवळी घालायचं एक मोठं कारण हेच आहे, सामू सहाच्या वर गेला की ही मोडतोड मंदावते. दुपारच्या रसाला आंबूस वास येत होता आणि मळी सुटायला वेळ लागत होता. मामांनी रानभेंडीचा चीक नेहमीपेक्षा जास्त घातला, ते मी बघितलं होतं. मळी निघाली. तुटलेलं सुक्रोज कोणत्याच चिकानं जुळत नाही.

दोन्ही गुळांचे सारखे तुकडे सारख्याच पाण्यात विरघळवून मी बेनेडिक्ट द्रावणाची परीक्षा केली. सुक्रोज त्या निळ्या द्रावणाशी काही करत नाही, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्यातल्या तांब्याचा तांबडा साका पाडतात. प्रत्येक गुळात या दोन्ही साखरा थोड्याफार असतातच, म्हणून सकाळचा नमुनाही बदलला, पण हिरवट-पिवळ्यावर थांबला. दुपारच्या नमुन्यात विटेच्या रंगाचा दाट गाळ बसला.

आता मोजणी करू. समजा ताज्या रसात सुक्रोजचे १०० रेणू आहेत. शिळ्या रसात त्यातले २० तुटले. उरले ८०, आणि तुटलेल्या वीसांचे झाले ४०. एकूण १२० रेणू. साखरेचं वजन जवळपास तेवढंच, पण मोजायला गेलं तर रेणू पाचव्या हिश्शानं जास्त. काटा संख्येला जुमानतो, म्हणजे ११८ चा आकडा दिसायला पाण्याचे आणि साखरेचे रेणू ज्या प्रमाणात लागतात ते प्रमाण दुपारच्या पाकात लवकर गाठलं गेलं, पाणी जास्त शिल्लक असतानाच. ढोबळ हिशेबानं पाणीही पाचव्या हिश्शानं जास्त. सकाळच्या पाकात १२ किलो उरलं असेल तर तेवढ्याच साखरेमागं दुपारच्यात १४ किलोंच्या वर. इतक्या दाट पाकात हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण कल कुठं जातो ते यातून स्वच्छ दिसतं. वीस हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे.

मामांची गोळी निराळं मोजत होती. पाक गार झाल्यावर त्यातले रेणू एकमेकांवरून किती सहज घसरतात, ते त्यांच्या बोटांना कळत होतं. जास्त पाणी आणि छोटे रेणू, दोन्हींमुळं पाक ढिला राहतो. गोळी मऊ लागली ती त्यामुळं. माझ्या मते त्या दिवशी काहिलीवर सर्वांत अचूक मोजमाप मामांच्या बोटांनी केलं, आणि हे मी भावालाही तोंडावर सांगितलं.

वाफ्यात

उतरवलेला पाक वाफ्यात ओतून फावड्यानं घोटतात. तिथं दुसरं अवस्थांतर घडतं, आणि गुळाचा खरा कस लागतो तो इथं. २० अंशांवर एक किलो पाण्यात साधारण दोन किलो सुक्रोज विरघळू शकतं, शंभर अंशांवर पावणेपाच किलोंच्या वर. पाक गार होतो तसं पाण्याला आपल्यातली साखर झेपेनाशी होते. सुक्रोजचे रेणू एकमेकांना शोधतात आणि ठरलेल्या कोनात, ठरलेल्या जागी बसत जातात. हा स्फटिक, गुळातली कणी. घोटल्यामुळं एकाच वेळी हजारो ठिकाणी बारीक स्फटिकांची सुरुवात होते, म्हणून दाणा बारीक आणि सारखा येतो. न घोटता तसाच ठेवला तर कुठं मोठे खडे, कुठं चिकट पाक असा गूळ होतो.

ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचे रेणू या रचनेत बसत नाहीत. आकार वेगळा, पकडायच्या जागा वेगळ्या. ते वाढत्या स्फटिकाच्या अंगावर येऊन चिकटतात, पुढच्या सुक्रोजची वाट अडवतात आणि सुटतात, परत दुसरा येतो. एस.टी.च्या दारात उतरणारे आणि चढणारे एकदम शिरले की कुणीच जागेवर पोचत नाही, तशी गत. डेक्स्ट्रानच्या लांब साखळ्या त्यात आणखी अडथळा करतात. तेवढ्यात पाक गार होऊन इतका दाट होतो की रेणूंना हलायलाच जमत नाही. ते जिथं असतील तिथं, अस्ताव्यस्तच, थांबतात. आतली मांडणी द्रवाची, हालचाल घनासारखी गोठलेली. काच अशीच असते.

अशा अस्ताव्यस्त घनाचा एक ठरावीक तापमानाचा टप्पा असतो, त्याच्या वर तो मऊ पडून वाहू लागतो. कोरड्या सुक्रोजसाठी हा टप्पा साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान आहे, ग्लुकोजसाठी तीसच्या आसपास, फ्रुक्टोजसाठी जेमतेम पाच. पाणी मिसळलं की तो आणखी खाली येतो. दुपारच्या ढेपीत कणी कमी धरलेली, मधे फ्रुक्टोज आणि जास्तीचं पाणी. तिचा टप्पा खोलीतल्या हवेच्या खालीच असणार. बोटानं पडलेला खड्डा हळूहळू भरून येत होता तो म्हणूनच. ती ढेप दिसायला घन होती, वागायला फार दाट द्रव होती.

मग आणखी आटवलं असतं तर?

तात्यांनी हा प्रश्न लगेच विचारला, आणि रास्तच होता. मामांच्या मनाप्रमाणं आणखी चार-पाच अंश चढू दिले असते तर जास्तीचं पाणी निघालं असतं, गोळी टणक लागली असती, ढेप त्या दिवशी बसली असती. पण तुटलेलं सुक्रोज तसंच राहिलं असतं, जादा तापानं आणखी थोडं तुटलं असतं आणि रंग काळवंडला असता. फ्रुक्टोजला हवेतला ओलावा ओढायची फार सवय. मृगाचा पाऊस सुरू झाला की हवेतले पाण्याचे रेणू ढेपीच्या पृष्ठभागावर बसतात, आत शिरतात, आणि ढेप पाझरायला लागते. मामांनी हे एका वाक्यात सांगितलं, “कडक झाला असता, टिकला नसता.”

त्यामुळं ढेपी तशाच विकायचा विचार सोडला. थोड्या थोड्या करून त्या पुढच्या ताज्या रसाच्या आदणांत मिसळल्या, एका वेळी इतक्याच की ताज्या रसातलं सुक्रोज भारी पडावं.

बांधावर शिळ्या उसाचा आणखी एक ढीग होता. त्याचा गूळ करायचा नाही, काकवी करायची, असं ठरलं. काकवीत नेमकं तेच हवं असतं जे ढेपीला नको असतं. तिच्यात कणी धरू नये, ती वाहती राहावी, म्हणून ग्लुकोज-फ्रुक्टोज असलेले चांगले. ताज्या उसाची काकवी करताना मुद्दाम सायट्रिक आम्ल घालतात, ते थोडं सुक्रोज तोडण्यासाठीच. इथं ते काम बांधावरच्या उन्हानं आधीच केलेलं होतं. जो भाग आंबला होता तो ऊस बाजूला काढला, टोकं छाटली, बाकीचा घाण्याला लावला आणि काहील १०५-१०६ च्या दरम्यान उतरवली. काकवीत पाणी पुष्कळ राहतं, गोळी वळायचा प्रश्न येत नाही, म्हणून तिथं थर्मामीटरवर भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

गुळासाठी आता ताज्या तोडीचाच ऊस घाण्याला लागतो, शक्यतो चोवीस तासांच्या आतला. हंगामाच्या सुरुवातीला थर्मामीटर साध्या उकळत्या पाण्यात धरून इथला आकडा घेतात आणि त्याच्या वर किती अंश हे बघतात. अठरा अंश चढले की भाऊ मामांना हाक मारतो. उतरवायचं कधी, ते डब्यातली गोळी बघून मामा सांगतात.

त्या काकवीचे काही डबे तात्यांनी घरी ठेवले. ताज्या उसाच्या, आम्ल न घातलेल्या एका जुन्या डब्यात तळाशी खडीसाखरेसारखे खडे बसलेले सापडले होते. पाणी झेपेल त्याहून जास्त सुक्रोज होतं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते सावकाश खाली बसलं. शिळ्या उसाच्या डब्यांच्या तळाला चमचा फिरवून बघितला, एकातही खडा लागला नाही.